हंगामी वापर

फोटोतल्या म्हातारीचा पाय रांगोळीवर आहे, हे हेमांगीला दुसऱ्या कुणीतरी सांगावं लागलं. वसईतल्या एका सभागृहात प्रशिक्षण चालू होतं. समोर चाळीसेक ग्रामसेवक आणि समूह संघटिका, वर पंख्यांची घरघर, मागच्या बाजूला जेवणाची भांडी मांडल्याचे आवाज. हेमांगीचं सत्र नेहमीप्रमाणे जेवणाच्या आधीचं आणि विषयही नेहमीचाच, नियोजनात लोकांचा सहभाग. नियोजन करणाऱ्या कंपनीत अठरा वर्षं काढल्यावर या विषयावर ती झोपेतसुद्धा बोलली असती. पडद्यावर तो फोटो आला की मात्र ती दरवेळी थोडी थांबायची. लोकांना तो बघू द्यायची. खाडीकाठच्या मोरीपाड्यातल्या कोळणींनी अंगणात रांगोळीनं काढलेला त्यांच्या गावाचा नकाशा: घरं पांढरी, विहीर निळी, वाटा पिवळ्या, खाडीच्या जागी निळीचा जाड पट्टा. भोवती वाकलेल्या, बसलेल्या, हसणाऱ्या बायका. "नकाशा साहेब काढतात असं आपल्याला वाटतं," ती म्हणायची, "पण गाव ज्याचं, नकाशा त्याचा." या वाक्याला कधीकधी टाळ्यासुद्धा पडायच्या. त्या दिवशी टाळ्यांच्या आधी तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर केला. तेवीस-चोवीसची असेल, नंदाखालची, नाव ब्रिटनी, नुकतीच कामाला लागलेली. "मॅडम, त्या आजींनी पाय असा का ठेवलाय?"

"कसा?" हेमांगीनं विचारलं.

"नकाशावर. आमच्या घरी रांगोळी काढत नाहीत, पण तिच्यावर पाय द्यायचा नाही एवढं मला पण माहिती आहे. आणि तो चुकून दिल्यासारखा वाटत नाही. मुद्दाम उभ्या आहेत."

सभागृहात थोडं हसू पसरलं. "गर्दीत पडला असेल," हेमांगी म्हणाली आणि पुढच्या चित्रावर गेली. उरलेलं सत्र तिनं नीट पार पाडलं, प्रश्नांची उत्तरं दिली, आभार मानून घेतले. जेवणाच्या रांगेत मात्र हातात ताट घेऊन उभी असताना तिला जाणवलं, की आपण वाढणाऱ्या माणसाच्या पायांकडे बघतो आहोत. चपलेतून बाहेर आलेला अंगठा, त्याचं फुटलेलं नख. तिनं ताट तसंच परत ठेवलं. तब्येतीचं कारण सांगून ती रिक्षात बसली आणि मनवेलपाड्याला घरी आली.

घरी कुणी नव्हतं. नवरा जितेंद्र कामावर, मुलगी अनुष्का अकरावीला, कॉलेजात. तिनं लॅपटॉप उघडला आणि फोटो मोठा केला, आणखी मोठा केला. ठिपके फुटायला लागले तरी पाय पायच राहिला. म्हातारी काठावर उभी होती, बाकीच्या बायकांपासून हातभर लांब. नेसूचा काष्टा, पोटरीपर्यंत उघडा पाय, आणि तो उजवा पाय निळ्या पट्ट्याच्या अलीकडे, गाव आणि खाडी यांच्या मधल्या एका चौकोनावर घट्ट रोवलेला. चौकोनाच्या दोन बाजू तेवढ्या पावलाबाहेर डोकावत होत्या. चेहरा हसरा नव्हता. तो कॅमेऱ्याकडेही नव्हता. कॅमेऱ्यामागच्या हेमांगीकडे होता, कारण फोटो तिनंच काढला होता. हा फोटो आपण दोनशे वेळा तरी दाखवला असेल. दोनशे वेळा हा पाय भिंतीएवढा होऊन आपल्या पाठीशी उभा होता आणि आपण त्याच्याकडे पाठ करून टाळ्या घेत होतो. पण हे काही खरं नाही, तिला लगेच वाटलं. हे फार सोयीचं आहे. न दिसणं वेगळं आणि न बघणं वेगळं. कारण पायाच्या पाठोपाठ तिला स्वतःचा आवाज आठवला, पंचविशीतला, उत्साहानं वर चढलेला. "आजी, पाय जरा बाजूला घ्या ना. फोटोत तुमचं खळं येत नाहीये." आणि म्हातारीनं पाय घेतला होता. दुसरा फोटो त्यानंतरचा. त्यात चौकोन, म्हणजे मासळी वाळवायचं खळं, पुरता दिसतो, आत बारीक उभ्या रेघा, म्हणजे बोंबील वाळत घालायच्या काठ्या. कार्यालयात गेला तो दुसरा. हा पहिला तिनं स्वतःजवळ ठेवला, कारण यात बायका छान हसत होत्या.

दोन हजार सातचा फेब्रुवारी. कंपनीत लागून तिला चारच महिने झाले होते. प्रादेशिक आराखड्यासाठी खाडीकाठच्या पाड्यांची पाहणी करायची आणि ती करताना लोकांना सामील करून घ्यायचं, असं काम. ते तिला मनापासून आवडलं होतं, हेही खरं. मोरीपाड्यात पहिले दोन दिवस बायका तिच्याशी नुसतं हसल्या. तिसऱ्या दिवशी त्या म्हातारीची, रखमाबाईंची, सून यमुना पुढे झाली. हेमांगीच्याच वयाची, दोन वेण्या गुंडाळून अंबाडा घातलेली, बोलायला तेज. "ताई, मी काढते. मना शाळेत नकाश्यात पैकीच्या पैकी होते." तिनंच रांगोळीची पिशवी हातात घेतली. घरं काढली, देऊळ काढलं, होड्या लागायची जागा काढली. खळ्याशी आल्यावर तिचा हात थांबला. तिनं सासूकडे बघितलं. रखमाबाई म्हणाल्या, "त्ये नको." एवढंच. हेमांगी उकिडवी बसली होती. तिनं विचारलं, का नको? रखमाबाईंनी मान फिरवली. मग यमुनेनंच सांगितलं, की त्या जागेचा कागद नाय. सासूची सासू तिथंच मासली वाळवायची, पण सातबारा सरकारच्या नावावर. हेमांगी मनवेलपाड्याच्या चाळीत वाढलेली. वडिलांच्या खोलीला कागद म्हणून एक पिवळी पडलेली पावती होती आणि ती पावती आई पत्र्याच्या पेटीत देवाच्या फोटोखाली ठेवायची. कागद नसलेली जागा लोक का लपवतात हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी ती म्हणाली, आणि ही तिची स्वतःची वाक्यं होती, कंपनीनं शिकवलेली नव्हेत: "यमुनाताई, दाखवलं नाही तर सरकारला कळणार कसं, की तुम्ही ती जागा वापरता? सगळं दाखवा. जे नकाशावर येतं ते वाचतं." यमुनेनं चौकोन काढला. म्हातारी आली आणि त्यावर उभी राहिली.

इथपर्यंतचं हेमांगीला सोसण्यासारखं होतं. तरुण वय, भाबडा विश्वास, चुकलं. इथवर आठवून ती उठली, गॅसवर चहा ठेवला, खाली टँकरवाल्यानं पाइप ओढल्याचा आवाज ऐकला. अनुष्का आली, बॅग टाकून आत गेली, बाहेर आली. "मम्मा, तू घरी कशी?" विचारून उत्तराची वाट न बघता फोनवर बोलत बसली. चहा उकळून पातेल्याच्या कडेला लागला. कारण फेब्रुवारीनंतर ऑगस्ट होता आणि ऑगस्टशी ती अठरा वर्षं अशीच वागत आली होती. समोर आला की काहीतरी गॅसवर ठेवायचं.

ऑगस्टात ती देसाईसरांबरोबर जागांची पडताळणी करायला मोरीपाड्याला गेली होती. आत्माराम देसाई, तिचे वरिष्ठ. आता ते हयात नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर ढकलायलाही कुणी नाही, आणि ते वाईट माणूस नव्हतेच. डब्यातली अर्धी पोळी तिला द्यायचे. पाऊस नुसता कोसळत होता. पाड्यातली दारं लावलेली. खळ्यावर काही नव्हतं. पावसात मासळी वाळत नाही, काठ्या उपटून घरात नेलेल्या, जागेवर गुडघाभर गवत आणि दोन बगळे. तिनं छत्रीखाली तक्ता धरला आणि 'सध्याचा वापर' या रकान्यात लिहिलं, हंगामी. देसाईसरांनी वाकून वाचलं. "हंगामी असं काही नसतं गं. एक तर वापरात, नाहीतर रिक्त. संगणकाला तिसरं कळत नाही." ती म्हणाली, "सर, आठ महिने बायका इथं मासळी वाळवतात." ते म्हणाले, "असतील. पण आज काय आहे? आज कुणी विचारलं तर मी काय दाखवू, हे बगळे? पुढं हरकती-सूचना असतातच. त्यांची जागा असेल तर ते येऊन सांगतील." त्यांनी जबरदस्ती केली नाही. ते गाडीकडे गेले सुद्धा. पेन तिच्या हातात होतं. बोटं गारठली होती, भूक लागली होती, त्याच आठवड्यात तिला कायम करायचं की नाही हे ठरणार होतं, आणि या कारणांतलं एकही एवढं मोठं नव्हतं की त्याच्यासाठी माणसानं असं करावं. तिनं 'हंगामी' वर रेघ मारली. बाजूला 'रिक्त' लिहिलं. खाडाखोड केली म्हणून नियमाप्रमाणे तिथं सही केली. हरकतींची नोटीस वर्तमानपत्रात आली तेव्हा तिचं लग्न होतं. मोरीपाड्यात ते वर्तमानपत्र जात नाही हे तिला माहीत होतं. एक फोन करता आला असता. यमुनेनं पाड्यातल्या दुकानाचा नंबर तिच्या वहीत स्वतःच्या हातानं लिहून दिला होता.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेल्यावर तिनं मोरीपाड्याची फाइल मागवली. कशासाठी, ते तिला नीट सांगता आलं नसतं. कदाचित तो तक्ता बघायचा होता, आपण समजतो तितकं स्पष्ट ते नसेल अशी आशा होती. आराखड्याच्या सुधारणेचं काम सध्या त्यांच्याच कंपनीकडे होतं, त्यामुळे फाइल दहा मिनिटांत टेबलावर आली. तक्ता होता. खाडाखोड होती. सही होती, कॉलेजातल्यासारखी गोल, 'हे' वरची मात्रा लांब ओढलेली. आणि वर एक ताजा अर्ज लावलेला होता. मोरीपाड्यातल्या एकतीस बायकांच्या सह्या आणि अंगठे. विनंती अशी, की खळ्याच्या जागेवर ट्रक उभे करण्यासाठी टाकलेलं आरक्षण सुधारित आराखड्यात काढावं, जागा पिढ्यान्‌पिढ्या मासळी वाळवण्यासाठी वापरात होती. पहिली सही यमुना हरेश्वर तांडेल. अर्जाला पिनेनं टोचलेला उत्तराचा मसुदा विघ्नेशनं केला होता. विघ्नेश तिच्याच हाताखालचा, हुशार आणि सरळ मुलगा. 'सन २००७च्या प्रत्यक्ष पाहणीत सदर जागा रिक्त असल्याची स्वाक्षरीसह नोंद आहे. सबब अर्ज अमान्य करण्यास हरकत नसावी.' खाली तपासणारा अधिकारी म्हणून जागा सोडलेली होती, तिच्या सहीसाठी. विघ्नेश टेबलाशी येऊन उभा राहिला. "मॅडम, ती जुनी सही तुमचीच आहे ना? मला भारी वाटलं बघून. तेव्हापासूनचा रेकॉर्ड एकदम क्लीन."

"हो," ती म्हणाली. "माझीच."

शनिवारभर तिनं घरातली कपाटं आवरली. जितेंद्रनं दोनदा विचारलं, काय झालंय. तिसऱ्यांदा विचारल्यावर तिनं सगळं सांगितलं, अगदी बगळ्यांसकट. तो ऐकून घेणारा माणूस आहे. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाला, "तू तेव्हा पोरगी होतीस. आणि एका शब्दानं काय होतं गं? ते आरक्षण पडायचं होतं ते पडलंच असतं." हे ती स्वतःला इतक्या वेळा सांगत आली होती, की दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला त्याचा वास आला, झाकून ठेवलेल्या अन्नाला येतो तसा. "आता अर्ज मान्य करून टाक," तो म्हणाला. "न सांगता होईल ते. तिथं जाऊन काय मिळणार आहे?" अर्ज नुसता मान्य होणार नव्हता, त्यासाठी जुनी नोंद खोटी होती असं कुणीतरी लेखी द्यायला हवं होतं, आणि ते दिलं की कंपनीत तिचं काय होईल हे दोघांनाही कळत होतं. पण ते तिला पुढचं वाटत होतं. आधीचं काहीतरी होतं. आपल्याला क्षमा हवी आहे का? तिनं स्वतःला तपासून बघितलं. हवी होती, आणि त्याची तिला लाज वाटली.

रविवारी सकाळी ती मोरीपाड्याला गेली. रस्ता आता गुळगुळीत झाला होता. पाड्याच्या तोंडाशी पत्र्याचं उंच कुंपण आणि आत ट्रक, वीस-पंचवीस, एकमेकांना खेटून. कुंपणाच्या कडेनं तेलकट पाण्याचा ओघळ खाडीपर्यंत गेलेला. पलीकडे खाडी असणार, पण दिसत नव्हती. तांडेलांचं घर तिनं विचारत विचारत काढलं. ओट्यावर यमुना सुक्या मासळीच्या पाट्या लावत होती. केस निम्मे पिकलेले, अंगानं रुंद झालेली. हेमांगीला बघून तिनं डोळे बारीक केले. ओळख पटायला थोडा वेळ लागला आणि मग तिचा चेहरा असा उजळला, की हेमांगीला मागच्या मागे पळावंसं वाटलं.

"रांगोलीवाल्या ताई! या, या. अगं बाय, किती वर्सांनी!" तिनं पदरानं खुर्ची पुसली, आतून पाणी आणलं, पाड्यातल्या दोघी-तिघींना हाका मारल्या. बायका आल्या. कुणी हेमांगीला ओळखलं, कुणी ओळखल्यासारखं केलं. मुलांची, सुनांची, आजारपणांची बोलणी झाली; आपण मनवेलपाड्याला राहतो हेही हेमांगीनं सांगितलं. हेमांगीनं पाट्यांकडे बघून विचारलं, मासळी कुठली? "पाचूबंदरवरनं आनते," यमुना म्हणाली. "दुसऱ्यांनी वालवलेली घ्यायची नि विरारला नेऊन विकायची. आपली वालवायला जागा कुठं हाय?" हे तिनं कुणाला लागावं म्हणून म्हटलं नव्हतं. ओट्याच्या टोकाला गोधडीवर एक खूप म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. हात मांडीत, नजर पुढे कुठंतरी. हेमांगीनं ओळखायच्या आधीच यमुना हलक्या आवाजात म्हणाली, "आय. नव्वदीला आली. ऐकायला नाय येत."

"बोलतात ना?"

"बोलते. सगल्यांशी बोलते." यमुना पाटीतले बोंबील उगाच सारखे करायला लागली. "माज्याशी नाय बोलत. ट्रकवाल्यांनी कुंपन घातलं त्या दिवसापास्नं. भातात मीठ कमी पडलं तर भिंतीला सांगते, पन मना नाय. मी वाढलेलं जेवते, मी आंघोल घालते, पन तोंड फिरवून." शेजारची एक बाई म्हणाली, "नवरा गेला हिचा तवापन बोलली नाय. बाजूला बसली, पन बोलली नाय." यमुनेनं तिला हातानं थांबवलं. "त्यात काय खोटं हाय? तिनं नको म्हनलेलं. मीच रेघ मारली. मना मिरवायचं होतं, शाळेत पैकीच्या पैकी होते म्हनून. मी नसती दाखवली तर सायबांना कललं असतं? पाड्यात कुनी तोंडावर बोलत नाय, पन मना ठावं हाय. माजाच हात लागला, ताई."

हेमांगीला वाटलं होतं, आपण आपलं ओझं घेऊन इथं आलो आहोत. ते इथंच होतं. इतकी वर्षं ते दुसऱ्या एका बाईनं वाहिलं होतं, आंघोळ घालताना, वाढताना, नवऱ्याच्या तिरडीशी बसताना, आणि तिला ते कुणाचं आहे याची कल्पनाही नव्हती. आरक्षण, नोटिसा, ट्रक यांचा हेमांगीनं विचार केला होता. बुडालेल्या मासळीचाही केला होता. एका घरात दोन बायका वर्षानुवर्षं बोलत नसतील, हे तिच्या अपराधाच्या कुठल्याही रकान्यात नव्हतं. अजूनही गप्प राहता आलं असतं. अर्जाचं काम करून देते म्हणावं, उठावं, जावं. यमुना तिला वाटेपर्यंत पोचवायला आली असती, बरोबर मूठभर सोडे बांधून दिले असते. हा विचार तिच्या मनात स्पष्ट आला, आणि तो आला याचीही तिनं नोंद घेतली.

"तुमचा हात नव्हता, यमुनाताई," ती म्हणाली. "नकाशा बरोबर होता. तुमच्या नकाशात खळं होतं, काठ्यांसकट होतं. पावसाळ्यात मी परत आले होते, साहेबांबरोबर. तुम्हाला माहीत नाही. तेव्हा कागदावर मी लिहिलं, की जागा रिकामी आहे. आधी खरं लिहिलं होतं. मग ते खोडलं आणि रिकामी लिहिलं. सही माझी आहे. म्हणून आरक्षण पडलं."

यमुनेला ते एकदम कळलं नाही. तिनं शेजारणीकडे बघितलं, मग पुन्हा हेमांगीकडे. "पन तुमी तर बघितलेली. माज्यासंगं खल्यात बसून बोंबील लावलेले तुमी."

"हो."

"मग?"

"काही मग नाही. मी लिहिलं."

"कुनी सांगितलेलं?"

देसाईसरांचं नाव जिभेवर आलं. "सांगितलं होतं. पण लिहिलं मी. नसतं लिहिलं तर कुणी मला मारणार नव्हतं."

मागे कुंपणात एक ट्रक चालू झाला आणि धूर ओट्यापर्यंत आला. यमुनेच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला. राग मात्र लगेच आला नाही, कुठून तरी लांबून चालत यावा तसा आला. "अठरा वर्सं," ती म्हणाली. "विरारला मी रोज येते. मनवेलपाड्याच्या नाक्याला बसते. तुमी तिथंच ऱ्हाता म्हनाला ना आत्ता? माज्यासमोरनं जात असाल." तिनं समोरची पाटी बाजूला ढकलली. "यायला पायजे होतं तुमी. जागा जाऊदे. मना सांगायला यायला पायजे होतं."

"हो," हेमांगी म्हणाली. रडू येत होतं ते तिनं मागे लोटलं. इथं रडणं म्हणजे या बायकांना आपली समजूत काढायला लावणं. तिनं पिशवीतून लिहून आणलेला कागद काढला: जुनी नोंद चुकीची होती, जागा वापरात असल्याचं स्वतः पाहिलं होतं, नोंद आपण जाणूनबुजून बदलली. खाली नाव, सही. एक प्रत उद्या ऑफिसात जाणार होती. तिनं तो पुढे केला. शेजारणीनं घेतला, वाचायला एका मुलीकडे दिला. यमुनेनं कागदाकडे बघितलंसुद्धा नाही.

"कागद द्या सायबाला," ती म्हणाली. "तुमी हितं या." तिनं हेमांगीचं मनगट धरलं. मासळीच्या मिठानं खरखरीत झालेला, जोरकस हात. ओट्याच्या टोकाला नेऊन तिनं हेमांगीला रखमाबाईंच्या समोर बसवलं. "आता हिला सांगा."

हेमांगी वाकली. "आजी, मी हेमांगी. ते खळं..."

"नाय ऐकू येत. मोठ्यानं."

"आजी! यमुनेची चूक नव्हती! मी लिहिलं कागदावर, जागा रिकामी आहे म्हणून!"

रखमाबाईंनी मान जराशी वळवली. "कोन हाय ही? काय म्हनते?" त्यांनी विचारलं, यमुनेला नाही, भिंतीला.

"आनखी मोठ्यानं, ताई," यमुना म्हणाली. तिनं मनगट सोडलं नव्हतं. हेमांगीनं म्हातारीच्या कानाशी तोंड नेलं. सुक्या मासळीचा, खोबरेल तेलाचा, जुन्या कापडाचा वास आला. ती ओरडली. अख्ख्या पाड्याला ऐकू जाईल इतक्यानं, सभागृहात कधी चढवला नव्हता इतका आवाज चढवून ओरडली. "यमुनेनं नाही! मी! मी खोटं लिहिलं! जागा माझ्यामुळे गेली!" समोरच्या दारात बायका येऊन उभ्या राहिल्या. कुंपणाशी चहा पिणारा एक ड्रायव्हर वळून बघायला लागला. आवाज फाटला, तरी तिनं पुन्हा एकदा तेच सांगितलं, शब्दनशब्द, कारण म्हातारीचे डोळे अजून रिकामे होते.

मग ते हलले. रखमाबाईंनी हेमांगीकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि तिच्याविषयी आणखी काही जाणून घ्यायची गरज नसल्यासारखी नजर तिच्यावरून काढून घेतली. मांडीतला हात उचलून तो हवेत चाचपडत बाजूला नेला, सुनेच्या पदरापर्यंत, आणि पदर मुठीत धरला.

"यमुने," त्या म्हणाल्या, "जेवलीस का गं?"

यमुनेनं हेमांगीचं मनगट सोडलं. ती तिथंच, ओट्यावर, सासूच्या पायाशी मटकन बसली. पदर म्हातारीच्या मुठीत तसाच राहिला. ती रडली नाही, किंवा हेमांगीला ते दिसलं नाही. तिनं फक्त मान हलवली, नाही म्हणून, आणि म्हातारीला ती दिसली नसेल असं वाटून मोठ्यानं म्हणाली, "नाय, आय. अजून नाय."

"मग वाढ दोघींना," रखमाबाई म्हणाल्या.

दोघी म्हणजे सासू आणि सून, हे सगळ्यांना समजलं. शेजारणीनं हेमांगीची खुर्ची उचलून बाजूला ठेवली आणि वाट मोकळी केली. हेमांगी चपला घालून पायरी उतरली. मागून ताटांचा आवाज आला. तिला थांब कुणी म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही.